‘पाणी’ नको, गावातला आड घ्या: तीन शिक्षकांनी मिळून ऑनलाइन मॉड्यूल बांधताना

अंबड तालुक्यातल्या एका शाळेतल्या मॅडमनी विचारलंय, ते थोडक्यात असं: "आम्ही तिघं शिक्षक मिळून आठवीसाठी ‘पाणी’ या विषयावर आंतरविद्याशाखीय ऑनलाइन मॉड्यूल तयार करतोय. विज्ञान, गणित, भूगोल, इतिहास आणि मराठी असे पाच विषय घेतलेत. प्रत्येक विषयाचा एक व्हिडिओ आणि शेवटी प्रश्नमंजूषा. पण आराखडा वाचला की पाच वेगळे धडे एका पिशवीत कोंबल्यासारखे वाटतात. वर्गातल्या निम्म्याच लेकरांच्या घरी स्मार्टफोन आहे. दिवाळीनंतर काही लेकरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. आमचं काय चुकतंय, आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?"

मॅडम, आराखडा वाचून तुम्हाला जे खटकलं, अडचण नेमकी तिथंच आहे. सॉफ्टवेअरचं मी शेवटाकडे सांगतो, कारण तो यातला सगळ्यात सोपा भाग. तुमचा मूळ प्रश्न मला असा दिसतो: पाच विषय एका ठिकाणी आणले, तरी ते एकजीव का होत नाहीत?

मी परभणी जिल्ह्यात तेवीस वर्षं विज्ञान शिकवतोय. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, चार शिक्षकांनी अगदी तुमच्यासारखंच ‘पाणी’ मॉड्यूल केलं होतं. जलचक्राचा व्हिडिओ, लिटर-मिलिलिटरची उदाहरणं, नद्यांचा नकाशा, पावसाची कविता, धरणांची माहिती. रात्र रात्र जागून अकरा व्हिडिओ केले. पहिला बहुतेकांनी पाहिला, तिसऱ्यानंतर कुणी फिरकलं नाही. शाळा उघडल्यावर एक मुलगा म्हणाला, "सर, बघितलं की सगळं. पण करायचं काय होतं ते कळालं नाही." आज कोणताही आराखडा हातात आला की मी आधी त्या मुलाचा प्रश्न त्याला लावतो: यात लेकरानं करायचं काय आहे?

तुमच्या आराखड्यातलं गणिताचं पान बघा. "एका टाकीत ५०० लिटर पाणी आहे, रोज ४० लिटर वापरलं तर…" इथं पाण्याच्या जागी तेल घाला, दूध घाला. गणित तसंच्या तसं राहतं. म्हणजे पाण्याचा त्या गणिताशी काही संबंधच नव्हता. कवितेचंही तेच, नकाशाचंही तेच. ‘पाणी’ हा शब्द सगळ्या पानांवर आला म्हणून ते मॉड्यूल झालं नाही. मी एक साधी परीक्षा लावतो: एक विषय काढून घेतला तर उरलेलं काम अडतं का? अडत नसेल तर तो विषय तिथं पाहुणा आहे, चहा घेऊन जाऊ द्या.

डी.एड.ला आपण सगळ्यांनी ‘समवाय’ शिकला. १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून गांधीजींची जी नई तालीम पुढे आली, तिचा तो गाभा. सूत काततानाच मोजमाप, कापसाचा भूगोल, कापडाचा इतिहास हे सगळं हातातल्या कामातून निघायचं. तिथं काम आधी होतं, विषय त्याच्या मागून आले. आपण मात्र विषय आधी वाटून घेतो आणि मग त्यांना जोडायला दोरा शोधत बसतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं: ‘पाणी’ सोडून द्या आणि एक प्रश्न घ्या. असा प्रश्न, ज्याचं उत्तर पुस्तकात छापलेलं नाही, गुगलवर नाही, आणि एका विषयाच्या शिक्षकाला एकट्याला देता येत नाही. आमचा प्रश्न होता, "आपल्या वेशीजवळच्या आडाला होळीनंतर पाणी का टिकत नाही, आणि पूर्वी टिकायचं का?" गावात टँकर येतो, तो लेकरांनी पाहिलेला असतो. त्यामुळे हा प्रश्न त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

आता या एका प्रश्नातून काय काय निघालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण खरा आनंद तिथं आहे.

पहिल्याच दिवशी लेकरं घरी विचारून आली. आजोबा म्हणाले, आड सहा परस खोल. दुसऱ्याच्या आजीनं सांगितलं, पाच परस. परस हे माणसाच्या उंचीवरून धरलेलं खोलीचं माप. पण कुणाच्या उंचीवरून? हात वर करून की तसंच? वर्गात भांडण लागलं. तीन मुलींनी सहा म्हाताऱ्या माणसांची उंची दोन्ही तऱ्हांनी मोजून आणली आणि फळ्यावर बारा आकडे लिहिले. सरासरी का काढायची हे गणिताच्या सरांना त्या वर्षी शिकवावं लागलं नाही, फक्त पद्धत दाखवावी लागली. मराठीच्या मॅडमना एक नवा शब्द मिळाला, आणि तो शब्द लेकरांनी स्वतः मिळवून आणला होता.

मग मोजमाप. सुताच्या दोरीला दर पाव मीटरवर गाठ मारली, टोकाला दगड बांधला. खोली मिळाली. पण आडाचा व्यास कसा काढणार? आत कुणी उतरणार नाही, आणि तोंडावर आडवी टेप धरायची म्हणजे वाकावं लागणार. एका मुलानं सुचवलं, कठड्याला बाहेरून दोरी गुंडाळू. परीघ मिळाला, त्यावरून व्यास काढला. पण तो बाहेरचा व्यास. कठड्याची जाडी वजा करायची, तीही दोन्ही बाजूंची. वर्गातल्या अर्ध्या गटांनी एकदाच वजा केली आणि त्यांचं उत्तर इतरांशी जुळेना. चूक कुठं झाली हे शोधायला ते सुट्टीत परत आडावर गेले. मी इतक्या वर्षांत एखाद्या गणितातली चूक शोधायला लेकरं सुट्टीत गेल्याचं पाहिलं नव्हतं.

आतला व्यास निघाला २.४ मीटर. म्हणजे पाण्याची एक मीटर उंची म्हणजे साधारण साडेचार हजार लिटर. जलजीवन मिशन या सरकारी नळपाणी योजनेचं माप माणशी रोज ५५ लिटर. त्या हिशेबानं एक मीटर पाणी म्हणजे ८२ माणसांचं एका दिवसाचं पाणी. आडात तेव्हा सव्वातीन मीटर पाणी होतं. लेकरांनी गावाच्या लोकसंख्येशी ताडून बघितलं आणि वर्ग गप्प झाला.

इथून पुढं विज्ञान आणि भूगोल टाळताच येत नाहीत. उपसलं तरी आडात पाणी परत येतं, ते कुठून? आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर आहेत. वरची काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कठीण काळा पाषाण. मुरमात पाणी धरून राहतं, पाषाणात फक्त भेगांतून फिरतं. त्यामुळे एका आडाला पाणी लागतं आणि पन्नास पावलांवरचा कोरडा निघतो. हे पुस्तकातल्या आकृतीवरून समजत नाही. गावात नवीन विहिरीचं काम चालू होतं. मी कडेला सुरक्षित अंतरावर उभं राहून दीड मिनिटाचा व्हिडिओ काढला: माती कुठं संपते, मुरूम कुठं सुरू होतो, ओल कुठं दिसते. अख्ख्या मॉड्यूलमध्ये तेवढा एकच व्हिडिओ आहे, आणि तो लेकरं अजून बघतात.

‘पूर्वी टिकायचं का’ या अर्ध्या प्रश्नानं इतिहास आणला. म्हातारी माणसं १९७२ च्या दुष्काळावर आली. खडी फोडायची कामं, तिथं खायला मिळणारी सुकडी, त्यानंतर गावात आलेलं पहिलं बोअर. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला हे पुस्तकात असतं, पण ‘माझी आजी त्या कामावर होती’ हे कळल्यावर लेकरू ते साल विसरत नाही.

आणि एक गोष्ट आमच्या आराखड्यात नव्हती. दोन गटांच्या मुलाखतीत आलं की पूर्वी सगळ्यांना या आडावर पाणी भरता येत नव्हतं. काहींनी लांबून वाढून घ्यायचं, काहींचा आड वेगळा. एका मुलीनं ते वहीत लिहिलं आणि मला विचारलं, "हे सांगायचं का नाही?" मी हो म्हटलं. पण तिला एकटीला वर्गासमोर उभं केलं नाही. आधी इतिहासाच्या मॅडम आणि मी बसलो, कोणाच्या घरचं काय आहे याचा विचार केला, मग मॅडमनी २० मार्च १९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह घेतला आणि त्याला जोडून मुलाखतींतली वाक्यं नावं न घेता वाचली. दोन तासिका जादा गेल्या. तुमच्या गावातही हे निघेल. ते वगळू नका, आणि तयारीशिवाय उघडूही नका. कोणत्या लेकराला त्याचा त्रास होईल हे तुम्हालाच माहीत असणार, बाहेरच्या कुणाला ते सांगता येणार नाही.

एवढं सविस्तर सांगितलं ते एका मुद्द्यासाठी. सुरुवातीला आम्ही फक्त गणित आणि विज्ञान घेतलं होतं. इतिहास, मराठी, नागरिकशास्त्र कामातून आपणहून आत आले. तुम्ही पाच विषयांनी सुरुवात करताय, ते दोनावर आणा. तिसरा दारात थांबू द्या.

आड नको असेल तर दुसरं उदाहरण देतो, ते वर्गात बसून होण्यासारखं आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. सुरुवातीच्या गाड्या दहा वाघिणींच्या, पाच लाख लिटरच्या. पुढे पन्नास वाघिणींची गाडी २५ लाख लिटर पाणी आणू लागली. बातमीतला ‘२५ लाख लिटर’ हा आकडा लेकरांना डोंगराएवढा वाटतो. मग लातूर शहराची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या द्या, सुमारे ३ लाख ८२ हजार. भागाकार करायला लावा. माणशी साडेसहा लिटर. अर्धी बादलीसुद्धा नाही. आता तीच बातमी पुन्हा लिहायला सांगा, मथळा काय द्यायचा ते त्यांना ठरवू द्या. इथं भागाकार काढून घेतला तर मथळा लिहिता येत नाही, आणि मथळा काढून घेतला तर त्या भागाकाराला काही अर्थ राहत नाही. दोन विषय असे एकमेकांत अडकले पाहिजेत.

आता ‘ऑनलाइन’ या शब्दाकडे येऊ. आपण ऑनलाइन म्हटलं की व्हिडिओ धरतो. वर्गात शिक्षक असताना त्याचाच व्हिडिओ फोनवर बघण्यात लेकराला काय मिळतं? फोनमधून ते आणा जे गावात बसून मिळत नाही. आणि माझ्या अनुभवात त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे दुसऱ्या गावातलं लेकरू.

आमची शाळा जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात आहे. पैठणहून निघालेला २०८ किलोमीटरचा तो कालवा तुमच्या तालुक्यातूनही येतो. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरावरच्या एका शाळेतल्या सरांशी माझी प्रशिक्षणात ओळख झाली होती. दोन्ही शाळांनी एकच तक्ता ठेवला: दर सोमवारी सकाळी कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर. बस्स, एवढाच आकडा. नोव्हेंबरपासून दोन्हीकडचं पाणी खाली जात होतं, त्यांचं जास्त वेगानं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचं आणखी खाली गेलं, आणि आमचं दीड वीत वर आलं.

डोंगरावरच्या लेकरांचा आवाजी निरोप आला: "तुमच्याकडं पाऊस झाला का?"

आमच्या लेकरांना आधी वाटलं मोजण्यात चूक झाली. परत मोजलं. बरोबर होतं. मग कुणीतरी म्हणालं, कालव्याला पाणी सुटलंय. रब्बीचं आवर्तन, म्हणजे पिकांसाठी कालव्याला पाणी सोडायची पाळी, चालू होतं. पण कालवा तर आडापासून बराच लांब, मग पाणी आडात कसं? इथं पाझर, मुरमाचा थर, उतार हे सगळं त्यांना हवंहवंसं झालं. आणि पलीकडच्या लेकरांनी जो पुढचा प्रश्न विचारला तो मी नागरिकशास्त्राच्या तासाला अजून वापरतो: "कालवा तुमच्याकडंच का आला, आमच्याकडं का नाही?" याचं उत्तर उताराच्या नकाशात थोडं आहे, ते भूगोलाच्या शिक्षकांनी दिलं. उरलेलं उत्तर धरण कुठं बांधायचं आणि पाणी कुणाला द्यायचं हे कोण ठरवतं, यात आहे. आठवीची लेकरं त्यावर दोन आठवडे पत्रव्यवहार करत होती. हे एका शाळेत, एका वर्गात, कितीही चांगला व्हिडिओ दाखवून झालं नसतं. आणि याला लागलं काय? एक तक्ता आणि दोन शिक्षकांचे फोन.

तुम्ही जालना जिल्ह्यात आहात. कालव्याखालची एक शाळा आणि कालव्याच्या वरच्या अंगाची एक शाळा तुम्हाला तालुक्यातच मिळेल. केंद्राच्या शिक्षण परिषदेत विचारा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी ठिकठिकाणी आहेत, त्यांची पाणीपातळी वर्षातून ठरावीक वेळा मोजली जाते. तुमच्या जवळपास अशी विहीर असेल तर लेकरांचे आकडे ताडून बघायला सोय होईल.

इथं थोडं थांबून परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी सांगतो, कारण माझं गाव म्हणजे तुमचं गाव नव्हे.

निम्म्या घरांत फोन आहे म्हणता, पण तो दिवसा कुणाकडे असतो? बहुतेक घरांत बापाच्या खिशात, शेतात किंवा बाजारात. लेकराच्या हाती तो रात्री आठनंतर अर्धा तास येतो, तोही भावंडांत वाटून. म्हणून घरी करायचं असं फोनवर काहीच ठेवू नका, किंवा ठेवलंच तर तीन मिनिटांच्या आवाजाएवढं. तीन मिनिटांचा आवाज एका एमबीच्या आत बसतो, कमी रेंजमध्येही पोचतो, आणि ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याला शेजाऱ्याच्या फोनवर ऐकता येतो. एक चित्र, एक आवाज, एक करायचं काम, असं माझं एका दिवसाचं पान असतं. तक्ता भरायचं काम शाळेतच, शिक्षकाच्या फोनवर, पाळीपाळीनं. ज्याच्या घरी फोन नाही त्याला आम्ही पहिल्या आठवड्याची पाळी दिली, म्हणजे बाकीच्यांना तो शिकवतो.

तुमच्या शाळेत संगणक कक्ष चालू असेल आणि वीज टिकत असेल तर गोष्ट वेगळी. मग उपग्रहाच्या नकाशावर गावाचं शिवार दाखवा, ओढा शोधू द्या, उतार बघू द्या. इस्रोचं ‘भुवन’ त्यासाठी चांगलं आहे. वीज टिकत नसेल तर तेच पान छापून घ्या. लेकराला फरक पडत नाही.

आता ऊसतोडीला जाणारी लेकरं. बहुतेक आराखड्यांत ही लेकरं ‘गैरहजर’ या रकान्यात जातात. गावात हंगामी वसतिगृह असेल आणि लेकरू तिथं राहणार असेल तर प्रश्न मिटला. पण बरीच जातात, विशेषतः मुली, कारण कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, धाकट्या भावंडांना कुणीतरी सांभाळावं लागतं. आमच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर सांगलीकडे गेली. जाताना मी तिला सांगितलं, तिथं पाणी कुठून येतं आणि किती येतं तेवढं आवाजात सांगत जा. फोन मुकादमाच्या नात्यातल्या एका बाईचा होता. दर रविवारी निरोप यायचा. आईनं आठवड्यात किती हंडे आणले, किती लांबून, पहाटे किती वाजता. एका निरोपात ती म्हणाली, "सर, हितं चहूकडं पाणीच पाणी हाय, उसाला पाटानं सोडतेत. पण कोपीवर हंडा अर्ध्या किलोमीटरवरून." तिच्या आकड्यांचा एक वेगळा रकाना आम्ही त्याच तक्त्यात केला. माणशी किती लिटर, हे वर्गानं काढलं. आडाच्या मॉड्यूलमधला सगळ्यात जास्त चर्चा झालेला रकाना तो होता. ती मार्चअखेर परत आली तेव्हा तिला कुठला धडा बुडाला हे विचारायच्या आधी लेकरांनी तिला तिच्याच आकड्यांबद्दल विचारलं. म्हणून सांगतो, जाणाऱ्या लेकरांसाठी वेगळं सोपं मॉड्यूल करू नका. याच मॉड्यूलमध्ये त्यांच्या जाण्याला काम द्या.

शिक्षकांचं एकत्र काम हा दुसरा नाजूक भाग. तुम्ही तिघांनी विषय वाटून घेतलेत आणि प्रत्येक जण आपापलं पान घरी लिहितोय, असं मला तुमच्या आराखड्यावरून वाटतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिघांच्या डोक्यात विषय वेगळे राहिले तर लेकरांच्या डोक्यात ते एकत्र येणार नाहीत. आम्ही एक पद्धत ठेवली. पहिल्या बैठकीत प्रत्येकानं आपला विषय सांगायचा नाही, दुसऱ्याच्या विषयातलं आपल्याला काय कळत नाही ते सांगायचं. गणिताच्या सरांनी विचारलं, दगडात पाणी असतं म्हणजे नेमकं कुठं असतं? मी विचारलं, सरासरी कधी फसवते? त्या प्रश्नांतून अर्धं मॉड्यूल तयार झालं. आणि लेकरांच्या पानावर विषयाचं नाव कुठंही लिहू नका. ‘गणित’ असं वर दिसलं की काही लेकरं तिथूनच हात टेकतात.

तासिकांचं काय? आठवीच्या पुस्तकात वृत्तचितीचं, म्हणजे आडासारख्या गोल आकाराचं, घनफळ बरंच शेवटाकडे आहे, आणि आडाचं काम दिवाळीच्या आसपास सुरू होतं. आमच्या सरांनी त्या प्रकरणातला लागेल तेवढाच भाग आधी घेतला, पूर्ण प्रकरण आपल्या जागी राहिलं. मुख्याध्यापकांना हे आधी लेखी द्या, नाहीतर तपासणीला आलेल्या साहेबांसमोर गणिताच्या शिक्षकाची अडचण होते. अध्ययन निष्पत्तींचंही, म्हणजे लेकराला शेवटी काय यायला हवं त्या यादीचंही, तसंच. प्रश्न ठरल्यावर प्रत्येक विषयाची एकच निष्पत्ती निवडा. पंधरा निष्पत्तींची यादी जोडलेला आराखडा दिसायला भारी, पण त्यातली एकही नीट तपासली जात नाही.

शेवटची प्रश्नमंजूषा काढून टाका. तिच्यात लेकरू काय पाठ करून आलंय तेवढंच कळतं. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, उपक्रम आहे, प्रकल्प आहे, तोंडी काम आहे, प्रात्यक्षिक आहे. एकाच कामाची नोंद तिन्ही विषयांत घेता येते, फक्त तिघांनी वेगवेगळं बघायचं. गणितवाल्यानं मोजमापाची रीत, विज्ञानवाल्यानं कारण, मराठीवाल्यानं मांडणी. आमच्याकडे लेकरांनी आलेख ग्रामसभेत लावला. एका सदस्यानं विचारलं, मार्चमध्ये किती पाणी राहील? एका मुलीनं आलेखाची रेघ पुढे वाढवून दाखवली आणि म्हणाली, "कालव्याला पाणी सुटलं नाही तर एवढं." त्या ‘नाही तर’ला मी पूर्ण गुण दिले.

सॉफ्टवेअर. तक्त्यासाठी गुगल शीट, निरोपांसाठी व्हॉट्सॲप, चित्रांसाठी फोनचा कॅमेरा. पहिल्या वर्षी याहून काही नको. काम दोन वर्षं चालून पक्कं झालं, आणि आणखी पाच-सहा शाळांना द्यायचं असेल, तर ‘कोलिब्री’ बघा. ते मोफत आहे, शाळेतल्या एका संगणकावर साठवलं की इंटरनेट नसतानाही स्थानिक वायफायवर चालतं. पानावर प्रश्न-उत्तरं, ओढून लावायची चित्रं असं हवं असेल तर ‘एच५पी’ (H5P) आहे. तयार झालेलं राज्यभर पोचवायचं असेल तेव्हा सरकारच्या ‘दीक्षा’ या ऑनलाइन व्यासपीठाचा विचार करा. पण आधी सॉफ्टवेअर निवडलं की त्यात जे बसतं तेवढंच आपण शिकवायला लागतो, हे मी स्वतः केलंय आणि त्याची किंमत लेकरांनी मोजलीय.

सुरक्षेबद्दल काही गोष्टी, या मात्र परिस्थितीवर अवलंबून नाहीत. कमरेएवढा पक्का कठडा नसेल त्या आडावर लेकरं न्यायची नाहीत, हातपंप किंवा गावची टाकी घ्या. एका वेळी चारच लेकरं, दोन मोठी माणसं, पालकांची लेखी संमती, आणि दोरी सोडणारा हात शिक्षकाचा. लेकरं गाठी मोजतील.

आणि तुमच्या वेळापत्रकात एक बदल आजच करा. तुम्ही सुरुवात दिवाळीच्या सुट्टीनंतर धरलीय. तोवर ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतील. पहिली मोजणी दसऱ्याच्या आत घ्या, पटावरची सगळी लेकरं गावात असताना. जी जाणार आहेत त्यांनाच त्या दिवशी गाठी मोजू द्या, आणि तक्त्यातला पहिला आकडा त्यांच्या हातून लिहून घ्या.